सांडपाण्याच्या नळीपासून गव्हाणीपर्यंत : स्वच्छ उत्पादनाचे सरकारी धोरण आणि आपण सभासद



गट कार्यालयांच्या बैठकांत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. "सायेब, सांडपान्याचं ते केंद्र अन् ते मीटर, हे सारं कारखान्याचं काम. आमचं काय त्यात? आम्ही ऊस घालतो अन् भाव मागतो." प्रश्न रास्त आहे. वीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर "तुमचं काही नाही" असं उत्तर देता आलं असतं. आज तसं देता येत नाही. कारण प्रदूषणाबाबतच्या सरकारी धोरणाचं मापच मधल्या काळात बदललं. पूर्वी ते माप कारखान्यामागच्या नाल्यावर लावलं जाई. आता ते तुमच्या उसाच्या टनाला बांधलेलं आहे. हा बदल कसा झाला, आणि वऱ्हाडातल्या आपल्यासारख्यांना त्यात काय करायचं आहे, एवढंच या लेखात पाहू.

पहिली पायरी : शेवटच्या नळीवर पहारा

महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ साली केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्यानंतर १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद भरली. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली, हवेचा कायदा १९८१ साली आणि भोपाळच्या वायुकांडानंतर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली आला. या मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आपल्याकडे अमरावतीला असून उपप्रादेशिक कार्यालय अकोल्यालाही आहे.

या साऱ्या कायद्यांची पहिली रीत एकच होती. कारखान्याने आत काय करायचे ते करावे, पण बाहेर पडणारे पाणी ठरलेल्या मर्यादेत असावे. ही मर्यादा "एका लिटरात इतके मिलिग्रॅम" अशी असे. अधिकारी येत, बाटलीत नमुना घेत, प्रयोगशाळेत पाठवत.

यात एक मोठी फट होती. लिटरात किती घाण एवढेच मोजायचे असेल, तर घाण कमी करण्याऐवजी पाणी वाढवले तरी आकडा उतरतो. ताकात पाणी घातलं की ताक पातळ होतं, पण लोणी तेवढंच राहतं, तसंच हे. कायदा पाळल्यासारखा दिसे, आणि नाल्यात जाणारी एकूण घाण तेवढीच राही. वर चांगलं पाणी वाया जाई ते वेगळंच.

दुसरी पायरी : माप टनाला आले

बाहेरच्या जगातही हीच अडचण दिसत होती. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९७५ सालीच "घाण आधीच टाळली तर पैसा वाचतो" या विचारावर आपल्या कारखान्यांत कार्यक्रम सुरू केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८९ साली या विचाराला स्वच्छ उत्पादन असे नाव दिले. भारत सरकारने १९९२ साली प्रदूषण कमी करण्याबाबतचे धोरण जाहीर केले. शेवटी शुद्ध करत बसण्यापेक्षा प्रदूषण उगमापाशीच टाळावे, हे तत्त्व त्यात आले. त्याच सुमारास राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने युनिडोच्या मदतीने कागद, कापड-रंगाई आणि कीटकनाशकांच्या लहान कारखान्यांत प्रयोग केले. गळती बंद करणे, मोजमाप ठेवणे, पाणी फिरवून वापरणे अशा कमी खर्चाच्या गोष्टींनीही फरक पडतो, असे त्यातून दिसले.

साखर धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष म्हणजे २००३. त्या वर्षी केंद्राने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांशी बसून एक सनद केली. त्यात साखर कारखाने होते, आसवन्याही होत्या. साखरेबाबत त्या सनदेत पाण्याचा हिशेब लिटरात न मांडता टनामागे मांडला होता. पुढे १४ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने तो कायद्याच्या मानकात बसला. ते मानक थोडक्यात असे आहे :

१) शुद्ध केलेले सांडपाणी गाळलेल्या प्रत्येक टन उसामागे १०० लिटरपेक्षा जास्त बाहेर पडू नये. आधी ही मर्यादा ४०० लिटर होती.

२) स्प्रे-पाँड किंवा कूलिंग टॉवरचे जादा पाणी टनामागे आणखी १०० लिटर. म्हणजे सारे मिळून २०० लिटर.

३) जमिनीवर सोडायच्या पाण्यात बी.ओ.डी. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, आणि नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात ३० च्या आत.

४) विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅमच्या आत.

५) बॉयलरच्या धुराड्यातून जाणारी धूळ एका घनमीटरला १५० मिलिग्रॅमच्या आत.

आता हिशेब करू. रोज १,२५० टन गाळणाऱ्या कारखान्याला जुन्या मर्यादेने दिवसाला ५ लाख लिटर पाणी बाहेर सोडता येत होते. नव्या मर्यादेने सारे मिळून अडीच लाख लिटर. म्हणजे दिवसाला अडीच लाख लिटर कमी. शंभर दिवसांच्या हंगामात हे अडीच कोटी लिटर होते. दहा सेंटिमीटरची एक पाळी धरली तर तेवढ्या पाण्यात २५ हेक्टर ऊस भिजतो.

लिटरातली मर्यादाही आहे आणि टनामागची मर्यादाही आहे. पाणी घालून पातळ करण्याची वाट त्यामुळे बंद झाली. आता घाण कमीच करावी लागते.

एक किलो साखर नाल्यात गेली तर

बी.ओ.डी. हा शब्द अवघड वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. पाण्यातले जंतू घाण कुजवतात तेव्हा पाण्यातला प्राणवायू खातात. किती खातात त्याचे हे माप. साखर कारखान्याच्या सांडपाण्यातली मुख्य घाण म्हणजे साखरच. पंपाच्या ग्लँडमधून गळलेला रस, फरशीवर सांडलेला पाक, टाकी भरून वाहिलेली मळी.

एक किलो साखर पूर्ण कुजायला ११०० ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या हवामानात चांगल्या वाहत्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे एक किलो साखर नाल्यात गेली तर सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवायची ताकद तिच्यात आहे. मासे मरतात, नाला काळा पडतो, वास सुटतो तो यामुळेच.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. ती एक किलो साखर तुमचीच होती. तुम्ही पिकवली, तोडणी-वाहतूक भरली, ती पोत्यात जायची ती नाल्यात गेली. वर ती साफ करायला वीज, चुना आणि माणूस लागला, त्याचा खर्चही तुमच्याच भावातून गेला. सांडपाणी केंद्रात जितकी घाण जास्त, तितका उतारा कमी. ही दोन खाती वेगळी नाहीत.

ऊस स्वतःच पाणी घेऊन येतो

बऱ्याच सभासदांना ठाऊक नसते की उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. हजार टन ऊस गव्हाणीत पडला म्हणजे ७०० टन पाणी कारखान्यात आले. त्यातले दीडशे टनांच्या आसपास बगॅसमधून जाते. पाचशे टनांच्या वर पाणी रस आटवताना वाफ होऊन निघते आणि थंड झाले की गरम, स्वच्छ पाणी म्हणून हाती येते. हे पाणी बॉयलरला, मिलवर आणि धुलाईला फिरवून वापरले तर धरणातून किंवा विहिरीतून उचलायचे पाणी फारच थोडे लागते.

काटेपूर्णा, वान किंवा ऊर्ध्व वर्धा धरणाच्या पाण्यावर शहरांचा, शेतीचा आणि उद्योगांचा असा तिघांचा डोळा असतो, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. अशा मुलखात कारखान्याने उसाचेच पाणी वापरायचे की कालव्याचे, हा निव्वळ इंजिनिअरचा प्रश्न उरत नाही. कारखान्याने न उचललेले पाणी तुमच्या वावराला राहते.

तिसरी पायरी : लौकिक आणि मोल

धोरणाची तिसरी दिशा म्हणजे झाकलेले उघडे करणे. केंद्रीय मंडळाने २०१४ साली या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुराड्यावर सतत चालणारी मापन-यंत्रे बसवायला सांगितली. त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. २०१६ साली उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी आणि पांढरी अशी वर्गवारी गुण देऊन नव्याने झाली. साखर कारखाना त्यात लाल वर्गात आहे. ५ जून २०१७ रोजी महाराष्ट्र मंडळाने धुराड्यातल्या धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. दंडाच्या जोडीला लौकिकाचाही धाक आला.

शिक्षेचे स्वरूपही बदलले. २०१० च्या कायद्याने आलेल्या हरित न्यायाधिकरणात "जो घाण करील तो भरील" हे तत्त्व चालते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या बऱ्याच अपराधांची कैद काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे तुरुंगाची भीती कमी झाली आणि खिशाची वाढली. सहकारी कारखान्यात तो खिसा सभासदाचा असतो.

याच्याच जोडीला टाकाऊ वस्तूंना मोल आणण्याचे धोरण आले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला, २०१८ च्या जैवइंधन धोरणाने त्याला जोर आला, आणि २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. प्रेसमडपासून वायू-इंधन करायला २०१८ च्या योजनेने वाट दिली. आसवनीच्या स्पेंटवॉशची राख म्हणजे पालाश, तिला २०२१ पासून खत-अनुदानाच्या यादीत जागा मिळाली.

हे फक्त साखरेतच घडले असे नाही. आपल्या शेजारी पारसला वीजकेंद्राचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांची राख एकेकाळी नुसती तळ्यात साठवली जाई. १९९९ च्या अधिसूचनेपासून ती विटा, सिमेंट, रस्त्यांत वापरण्याची सक्ती येत गेली, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई लावली. अमरावतीजवळ नांदगाव पेठला होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. तिथे सामाईक सांडपाणी केंद्र पार्कच्या मूळ आखणीतच धरलेले आहे. कारखाना आधी आणि सांडपाण्याचा विचार मागून, ही जुनी रीत उलटी होत आहे.

आपला खास प्रश्न : खारपाणपट्टा

आता वऱ्हाडापुरते बोलू. पश्चिम महाराष्ट्रात सांडपाण्याची चर्चा निघाली की नदीची होते. पंचगंगेचे नाव आपण ऐकतोच. आपल्याकडे नदीइतकाच धोका जमिनीला आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत खारपाणपट्टा पसरला आहे. इथले भूजल खारे, माती काळी, चिकण, फुगणारी. पाणी खाली झिरपत नाही. वरून आलेला क्षार मातीतच बसतो. अशा जमिनीवर खारट सांडपाणी वर्षानुवर्षे सोडले तर ती चोपण होते, आणि चोपण झालेली जमीन जिप्सम, निचऱ्याचे चर आणि गोड्या पाण्याने सुधारायची म्हटली तर वर्षे जातात.

म्हणूनच २०१६ च्या मानकातला एक तक्ता आपण पाठ करावा असा आहे. शुद्ध केलेले पाणी कोणत्या मातीवर किती सोडावे, ते त्यात दिले आहे. वाळूच्या जमिनीवर हेक्टरी रोज २२५ ते २८० घनमीटर चालते. चिकण मातीवर फक्त ३५ ते ५५. म्हणजे आपल्या काळ्या मातीला वाळूच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच पाणी सोसते. १,२५० टन गाळपाच्या कारखान्याचे १२५ घनमीटर पाणी जिरवायला साडेतीन हेक्टरच्या वर जमीन रोज हवी. ज्या दिवशी शेतीला पाणी नको असेल त्यासाठी १५ दिवसांच्या पाण्याची, न झिरपणारी टाकी हवी.

कोणी सभासद "फुकटचं पाणी आहे, घेऊन टाकू" म्हणत असेल तर त्याने आधी दोन आकडे मागावेत : पाण्यातले क्षार किती, आणि आपल्या मातीचा सामू व क्षारता किती. मातीचा नमुना दर हंगामाआधी तपासावा. आकडे ठीक असतील तर पाणी जरूर घ्यावे, नसतील तर फुकटही महाग पडते.

धोरणात उणे काय

सरकारचे सगळेच बरोबर आहे असे मी म्हणणार नाही. मला तीन गोष्टी खटकतात.

एक म्हणजे मानक टनामागे असले तरी मापन-यंत्रे, टाक्या आणि माणसे यांचा खर्च टनामागे येत नाही. दहा हजार टनांच्या कारखान्याला जे झेपते ते साडेबाराशे टनांच्या, उसाची कायम ओढाताण असलेल्या वऱ्हाडी कारखान्याला झेपतेच असे नाही. बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांची धुराडी आपल्या मुलखात आपण पाहिलेली आहेत.

दुसरी गोष्ट मदतीची. ती मोठ्या यंत्रांकडे झुकते. २०१८ पासूनची व्याज-सवलत आसवन्यांना मिळाली. मार्च २०२५ च्या योजनेत सहकारी कारखान्यांना मका-धान्यावरही चालणारी आसवनी करायला सवलत आहे. हे चांगलेच आहे. पण गळके ग्लँड, तुटके व्हॉल्व्ह, पाण्याचे मीटर या लहान गोष्टींनी सर्वांत आधी फरक पडतो, आणि त्यांच्याकडे कोणी योजना घेऊन येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे टाकाऊला मोल आले की टाकाऊ कमी करण्याची इच्छा मंदावते. इथेनॉल स्वच्छ इंधन असेल, पण एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो नीट हाताळला नाही तर साखरेच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी जास्त विखारी असतो. खारपाणपट्ट्याच्या कडेला आसवनी काढायची तर हा हिशेब आधी मांडावा.

म्हणून सरकारी योजनेची वाट पाहत बसू नये. स्वस्तातले काम आपल्याच हातात आहे, आणि ते फडात सुरू होते.

आपण काय करायचे

फडात :

१) मोळीत पाचट, वाढे, मुळ्या, माती येऊ देऊ नये. १,२५० टनांत ४ टक्के कचरा म्हणजे रोज ५० टन. पाचट रस शोषून साखर बगॅसमध्ये नेते. माती मिलचे रोलर झिजवते, प्रेसमड वाढवते, आणि बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जाऊन धुराड्यातून धूळ होऊन बाहेर पडते. ते १५० मिलिग्रॅमचे मानक तुमच्या मोळीपाशी सुरू होते ते असे.

२) तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा. शिळ्या उसातली साखर फुटते, पाक चिकट होतो, कामकाज बिघडते आणि साखर हाती येत नाही. मुकादम आणि ट्रॅक्टरवाला ऐकत नसेल तर चिटबॉयला लगेच सांगा.

३) तोडणी कार्यक्रम मोडू नका. आपल्याकडे ऊस म्हणजे कपाशी, तूर, संत्र्याच्या घरात आलेला पाहुणा, आधीच थोडा. तो खंडाने आला की गाळप थांबते. दरवेळी मिल थांबली की टाक्या रिकाम्या होतात, धुलाई होते, रस वाया जातो. सलग गाळप हे सर्वांत स्वस्त सांडपाणी केंद्र आहे.

४) पाचट पेटवू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबून कुजवले तर ओल टिकते, सेंद्रिय खत मिळते, आणि काळ्या जमिनीची भुसभुशीतही वाढते.

कारखान्यात : प्रत्येक पाणी-उचल जागेवर मीटर हवा, रस-पाकाच्या गळतीची रोज नोंद हवी, आणि सांडलेला रस नाल्यात न जाता परत टाकीत जाईल अशी व्यवस्था हवी. सांडपाणी केंद्र गाळपाच्या एक महिना आधी सुरू करून नंतरही महिनाभर चालवायचे असते, कारण त्यातले जंतू एका रात्रीत तयार होत नाहीत.

सभेत : वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण भाव, उतारा, कर्ज विचारतो. त्यात चार प्रश्न आणखी घाला. टन उसामागे किती लिटर पाणी बाहेरून उचलले? टनामागे किती सांडपाणी सोडले? ते कोणत्या गटाच्या जमिनीवर गेले आणि तिथल्या मातीची क्षारता काय? हंगामात गाळप किती तास थांबले आणि कशामुळे? हे आकडे उताऱ्याच्या आकड्याशेजारी छापून आले की संचालक मंडळालाही काम करणे सोपे जाते आणि आम्हा शेतकी खात्यालाही.

मंडळाची नोटीस ऐन हंगामात आली आणि गाळप थांबले, तर उभा ऊस वाळतो तो आपला. क्षार बसलेली जमीन उरते तीही आपल्याच मुलांना. सबब येत्या तोडणीत निदान आपल्या फडातली मोळी स्वच्छ आणि ताजी जाईल एवढे प्रत्येकाने पाहावे, आणि मातीचे नमुने गट कार्यालयात वेळेवर आणून द्यावेत, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते